मदत हवी आहे: पोलिसांनी लाठी चालवली की त्याची नोंद कुठे होते?

तापीकाठ: घाईत लिहितोय. पोलिसांनी बळाचा वापर केला की तो कोणत्या रजिस्टरला चढतो आणि त्याची नक्कल कशी मिळते? भाच्याचं उजवं मनगट मोडलंय. ठाण्यात विचारलं तर म्हणे, "सौम्य बळाचा वापर केला, तसं वर कळवलंय." वर म्हणजे कुठे? मला फक्त त्या कागदाचं नाव सांगा.

केळीबाग: भाऊ, कितला दिन झायात? मोर्चात झालं, यात्रेत की ठाण्यात? दवाखान्यात एमएलसी केली का?

तापीकाठ: युरियाच्या रांगेत. नऊ दिवस झाले. जळगाव जिल्हा. एमएलसी म्हणजे काय?

निवृत्त_हवालदार: २९ वर्षं खात्यात काढली. बळाच्या वापराचं वेगळं रजिस्टर मी तरी कुठल्या ठाण्यात पाहिलं नाही. बंदोबस्ताला निघताना आणि परतल्यावर स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद पडते, हल्ली ती सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणक प्रणालीवर असते. गोळीबार झाला तर राउंड न् राउंडचा हिशेब द्यावा लागतो, रिकाम्या पुंगळ्यासुद्धा गोळा कराव्या लागतात. काठीचा तसा हिशेब नाही. "जमाव सौम्य बळाचा वापर करून पांगवला," एवढी एक ओळ पडते. कोणी मारलं, कुणाला लागलं, ते त्यात नसतं. पण पोराने काय केलं होतं तेही विचारा. आमच्या माणसांनी भर उन्हात उभं राहून दगड खाल्लेत.

सातपुडा_वारा: साहेब, दगड खाल्ले ते चूकच, पण म्हणून खत घ्यायला आलेल्याचं हाड मोडायचं? तुम्हीच सांगताय की काठीचा हिशेब नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१७ पासून साधी हातकडी घातली तरी पोलिसाला फॉर्म भरावा लागतो. अमेरिकेत एफबीआयने १ जानेवारी २०१९ पासून मृत्यू, गंभीर दुखापत आणि माणसावर झाडलेली गोळी, यांची माहिती गोळा करायला घेतली. तीही देणं ऐच्छिक ठेवलं, तिथेच घोडं अडलं.

शेतकरी_पारोळा: युरिया कुठल्या दुकानावर आलाय? आमच्याकडे सोबत दुसरं खत घेतल्याशिवाय गोणी देत नाहीत.

केळीबाग: त्यासाठी वेगळा धागा काढा हो. तापीकाठ, एमएलसी म्हणजे मारहाणीची केस म्हणून सरकारी दवाखान्यात होणारी नोंद. केली का?

तापीकाठ: नाही. संध्याकाळी सोडल्यावर खाजगी हाडांच्या डॉक्टरकडे नेलं.

केळीबाग: सोडल्यावर? ठाण्यात बसवलं होतं?

तापीकाठ: दुपारी बारा ते साडेपाच. अटक नाही म्हणाले, कशावर सही घेतली नाही. बाकड्यावर बसवून ठेवलं. मनगट एवढं सुजलं की घड्याळाचा पट्टा रुतला, घरी आणून कात्रीने कापला.

अर्जदार_धुळे: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज किमान वर्षभर राखायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे. त्या दिवसाचं बारा ते साडेपाचचं फुटेज जपून ठेवा, असं आजच लेखी द्या. माहिती अधिकारात त्या तारखेच्या स्टेशन डायरीची आणि बंदोबस्ताच्या ड्युटी वाटपाची प्रत मागा. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. "तपास चालू आहे" एवढंच म्हणून नाकारलं तर लगेच प्रथम अपील करा.

निवृत्त_हवालदार: अर्जाने माणसं चिडतात. आधी एसपी साहेबांना भेटा.

अर्जदार_धुळे: भेटा की, पण तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं कुठे चढत नाही, हा धागा त्यावरूनच निघालाय. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापत आहे. मुंबईच्या राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही अर्ज करता येतो, पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या २००६ च्या निकालातून अशी प्राधिकरणं आली. एक्स-रे घेऊन सरकारी दवाखान्यात उद्याच जा. आणि खत दुकानाच्या बाहेर कॅमेरा आहे का?

तापीकाठ: आहे. दुकानदाराला आत्ताच फोन केला, पंधरा दिवसांचंच राहतं म्हणाला. पेन ड्राइव्ह घेऊन निघालोय. ठाण्यात अर्जाची पोच दिली नाही तर?

अर्जदार_धुळे: स्पीड पोस्टाने पाठवा, पावती फाइलला लावा. आणि तो कापलेला पट्टा टाकू नका.