लसीका ग्रंथी, लसीकापर्व की अवधाण?

अर्धविराम
रक्ताच्या विकारांवरची एक माहितीपुस्तिका मराठीत आणतेय. वाचणार रुग्ण आणि त्यांच्या घरचे. एका वाक्यावर अडलंय. मान, काख आणि जांघेतले लिम्फ नोड आणि पोटातली स्प्लीन वाढली आहे का, हे डॉक्टर हाताने चाचपून बघतात, एवढाच मजकूर. मी 'लसीका ग्रंथी' आणि 'प्लीहा' लिहिलं होतं. भाषांतर तपासणाऱ्यांनी 'लसीकापर्वे' आणि 'पाणथरी' केलं. 'पर्व' वाचून कुणाला काय बोध होणार? आणि पाणथरी हा अवयव की आजार? आमच्या आजीच्या तोंडी कायम 'त्याला पाणथरी झालीय' असंच असायचं.

सूक्ष्मदर्शी
'पर्व'च बरोबर. ग्रंथी म्हणजे जी काहीतरी स्रवते ती: लाळग्रंथी, अवटू ग्रंथी. लिम्फ नोड असं काही पाझरत नाही. पेशींच्या फटींतून गोळा झालेला द्रव, म्हणजेच लसीका, अनेक बारीक वाहिन्यांनी त्याच्यात शिरतो, आतल्या जाळीतून हळूहळू झिरपतो आणि एखाद-दुसऱ्या वाहिनीने बाहेर पडतो. जाळीत टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडून असतात. आपल्या मापाचा जंतूचा तुकडा आला की त्या भराभर वाढू लागतात आणि नोड सुजतो. शरीरात असे पाचशे-सहाशे तरी नोड असतात. वाहिनीच्या वाटेवरचं पेर ते पर्व. चुकीचा शब्द केवळ रुळलाय म्हणून चालवून घ्यायचा का?

गवतफुला
यासाठी आपल्याकडे 'अवधाण' असताना पर्व कशाला? पायाची ठेच चिघळली की जांघेत अवधाण यायचं, हाताची जखम पिकली की काखेत. आणि अवधाण आलंय म्हटल्यावर मोठी माणसं जांघेकडे बघतच नसत, आधी पाय उचलून तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघत. कुठलं पाणी कुठे उतरतं, हे त्यांना पाठ होतं.

निशिगंध
गवतफुला, हे फार आवडलं. वॉर्डात डॉक्टरही हेच करतात. मानेतला नोड लागला की घसा, दात, टाळू बघायचं. डाव्या हासळीच्या वर टणक गाठ लागली तर पोटाचा विचार करायचा. जठराचा कर्करोग तिथवर येतो, जर्मन डॉक्टर फिर्खोने 1848 मध्ये ते नोंदवलं होतं.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. रुग्णाशी बोलताना ग्रंथीही नसते आणि पर्वही नसतं, सगळे 'गाठ' म्हणतात. आणि गाठ म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण त्याच्या लेखी गाठ म्हणजे कॅन्सर. दुखरी आणि मऊ असेल तर बहुतेक वेळा जंतुसंसर्ग, एकमेकींना चिकटून पुंजका झाला असेल तर क्षयाची शंका (जुनी गंडमाळ ती हीच), रबरासारखी आणि न दुखणारी असेल तर लिम्फोमा (लसीकेच्या पेशींचा कर्करोग) बघायचा, दगडासारखी आणि जागची न हलणारी असेल तर दुसरीकडून आलेला कर्करोग. नुसत्या बोटांनी पक्कं निदान होत नाही, पण या चार गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, याचा मला खरोखर त्रास होतो.

पैलतीर
'प्लीहा' बोजड म्हणून काढला असेल तर तो अन्याय आहे. संस्कृत प्लीहन्, ग्रीक स्प्लेन, लॅटिन लिएन ही एकाच कुळातली भावंडं आहेत. इंग्रजी स्प्लीन त्या ग्रीकवरून आलेला. म्हणजे स्प्लीन म्हणणारा आणि प्लीहा म्हणणारा एकच शब्द बोलतायत. पाणथरी मला पान आणि थर यांवरून आलेला वाटतो, अवयव पानासारखा चपटा असतो म्हणून.

सूक्ष्मदर्शी
पानासारखा? मुठीएवढा, दीडशे-दोनशे ग्रॅमचा, डाव्या बाजूच्या नवव्या ते अकराव्या बरगडीआड लपलेला अवयव आहे तो. ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून आणलेली वाटते.

निशिगंध
लपलेला आहे, यातच अर्धविरामच्या आजीचं उत्तर आहे. निरोगी मोठ्या माणसाची प्लीहा सहसा हाताला लागतच नाही. ती लागते मलेरियात, काळ्या आजारात, थॅलेसीमियात, यकृत निबर होऊन त्यामागे रक्त तुंबलं की, काही रक्तकर्करोगांत. हाताला लागेल तेव्हाच लोकांनी तिला नाव दिलं, म्हणून नावाला आजार चिकटला. अवधाणाचंही तसंच. सुजला नाही तोवर त्या नोडला बोलीत नावच नाही.

अर्धविराम
पटलं. पण मग पुढच्याच पानावर 'प्लीहेचं काम' असा भाग आहे, तिथे पाणथरी कशी चालेल? सुमारे 120 दिवस जगून ताठरलेल्या तांबड्या पेशी तिच्या अरुंद फटींतून निसटू शकत नाहीत, तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि लोह परत वापरात जातं. शरीरातल्या एक तृतीयांश प्लेटलेट तिच्यात साठलेल्या असतात. ती वाढली की त्याहून कितीतरी जास्त अडकतात आणि रक्ततपासणीत आकडा घसरतो. हे सगळं 'पाणथरीचं काम' म्हणून लिहायचं?

पैलतीर
लिहा की. शाळेच्या पुस्तकांत पाणथरी अवयव म्हणूनच येते, आजीचा अर्थ मागे पडला. वापराने शब्द सरकतात, त्यांना धरून ठेवता येत नाही.

गवतफुला
सरकतात, पण वाचणारी आजी असेल तर? 'तुमची पाणथरी काढावी लागेल' हे ती 'आजार काढून टाकणार' असं समजेल आणि पुढची काळजी राहून जाईल. प्लीहा काढल्यावर न्यूमोकोकससारख्या वेष्टण असलेल्या जंतूंचा धोका जन्मभर राहतो ना?

निशिगंध
हो. म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या जंतूंवरच्या लसी द्यायच्या. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल तर निदान दोन आठवडे आधी. आणि नंतर कधीही थंडी वाजून ताप आला तर घरी वाट बघत न बसता लगेच दवाखाना गाठायचा. पुस्तिकेत हे ठळक अक्षरांत हवं, शब्द कुठलाही घ्या.

रानवारा
लस आणि लसीका यांचं नातं कुणी काढलं नाही अजून. खरचटल्यावर जखमेतून झिरपतं ते चिकट पाणी म्हणजे लस. देवीची लस टोचायची ती फोडातला असाच द्रव घेऊन. पुढे टोचायचं जे काही असेल ती लस झाली, आणि मूळ पाणी शास्त्राने 'लसीका' म्हणून वेगळं काढलं, असं मला वाटतं.

सूक्ष्मदर्शी
लसीका संस्कृतात आधीपासून आहे, ती लसीवरून काढलेली नाही. आणि 'सी' दीर्घ, वर्तमानपत्रांत सर्रास 'लसिका' छापतात.

रानवारा
दोन्ही एकाच मुळाचे असू शकतात की. बरं, 'बद' राहिलाच. अवधाण आणि बद एकच का?

गवतफुला
आमच्याकडे वेगळे. अवधाण जखम भरली की आपोआप बसतं. बद पिकते, फुटते, आणि तिचं नाव चारचौघांत घेत नसत, कारण ती गुप्तरोगाची गाठ.

पैलतीर
प्लेगच्या गाठीला मग काय म्हणत? 'ग्रंथिक सन्निपात' हा छापील शब्द झाला. घरात नुसतं 'गाठ आली' म्हणत असावेत.