रिहॅबला नकार: “इच्छाशक्तीच नाही” म्हणून मोकळं होऊ नका

उंबरठा
“सीओपीडी फार वाढलेल्या पेशंटना पल्मनरी रिहॅब सांगून उपयोग नाही, त्यांना सुधारायचंच नसतं,” ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुफ्फुसाचा आजार; पल्मनरी रिहॅब म्हणजे त्यासाठी देखरेखीखाली शिकवलेला व्यायाम आणि श्वासाची तंत्रं. आंघोळीनंतर पाठ पुसताना ज्याला धाप लागते, त्याच्यासमोर तुम्ही ट्रेडमिल ठेवता. त्याच्या लेखी धाप म्हणजे जीव जाण्याची खूण. म्हणून तो अंग राखतो. अंग राखलं की मांड्या सुकतात. दुबळ्या स्नायूत थोड्या कामातच लॅक्टिक ॲसिड साठतं, श्वास आणखी वाढतो. भराभर श्वासात आधीची हवा बाहेर पडत नाही तोवर पुढची आत येते, छाती फुगलेलीच राहते. हे त्याला कधी कुणी सांगितलं? डिस्चार्जच्या दिवशी, औषधांची पिशवी हातात देताना, “फिजिओला भेटा” एवढंच.

आडवाट
ती पोस्ट माझी, आणि मी ती मागे घेत नाही. समजावलं तरी नाहीच म्हणतात. पहिला प्रश्न: “फुफ्फुस सुधारेल का?” खरं उत्तर, नाही. स्पिरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून केलेल्या फुफ्फुसाच्या तपासणीचा, आकडा रिहॅबनं हलत नाही. हे ऐकलं की माणूस उठतो. आणि खर्चाचं कारण नको. अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी विमा पैसे देतो, तरी २०१४ साली सीओपीडीनं दाखल होऊन घरी गेलेल्या सुमारे १,९७,००० जणांपैकी ९० दिवसांत रिहॅब सुरू केलं जेमतेम दीड टक्क्यानं.

उंबरठा
तो आकडा सुरू करणाऱ्यांचा आहे, नाकारणाऱ्यांचा नाही. ज्यांना कुणी पाठवलंच नाही तेही त्यात आले. आणि “नाही” म्हणून थांबता का? फुफ्फुस तेच राहतं, पाय बदलतात, हे पुढचं वाक्य बोला. सहा मिनिटांत ३० मीटर जास्त चालणं म्हणजे खाटेपासून संडासापर्यंत जाऊन येणं. पेशंटला हे माप कळतं.

शेवटची एसटी
रिहॅबला केंद्रात जायचं आठवड्याला दोनदा, आठ आठवडे. म्हणजे १६ फेऱ्या. चंदगडहून कोल्हापूरला, सोबतच्या माणसाचा १६ दिवसांचा रोज बुडवून. ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला २ लिटरनं बारा तास पुरतो खरा, पण जिन्यावरून तो उतरवायचा कुणी? हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या पोर्टेबल मशीनवरचा ‘२’ म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हेत. चालताना ते कमी पडतं, पेशंट घाबरतो, पुन्हा येत नाही.

नाडी
ऑक्सिमीटरबद्दल कुणीच बोलत नाही. कोविडनं रक्तातल्या ऑक्सिजनचा ९४ टक्के हा आकडा घराघरात रुजवला. ज्याचं बसल्या जागी ९१ असतं, त्याचं दोन पावलांत ८९ झालं की सून ओरडते, “बसा!” झालं, व्यायाम बंद. थंड बोट, मेंदी, हलता हात, यानंही आकडा चुकतो. थांबून हात स्थिर ठेवा, अर्ध्या मिनिटानं वाचा.

आडवाट
म्हणजे आकड्याकडे बघूच नका? उद्या कुणी कोसळलं तर जबाबदार कोण? असले सल्ले उघड्यावर देऊ नका!

नाडी
शब्द माझ्या तोंडी घालू नका. ८८च्या खाली गेलं की थांबायचं, सावरलं की पुन्हा, आणि वारंवार जात असेल तर चालताना ऑक्सिजन किती लावायचा ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. ही मर्यादा घरच्यांना कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत पुन्हा ९४ होतं.

आडवाट
कागदाचं मान्य. भीतीचं काय? ती कागदानं जात नाही.

उंबरठा
पहिल्या दिवशी ट्रेडमिल नकोच. आधी औषधाचा पंप (इन्हेलर) स्पेसरमधून, म्हणजे त्याला लावायच्या नळकांड्यातून, घ्यायचा, मग पंधरा मिनिटं थांबायचं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि तिच्यावरून उठबस करायला सांगा. नाकानं दोन मोजत श्वास आत, ओठांचा चंबू करून चार मोजत बाहेर, आणि उठायचं ते श्वास सोडताना. बहुतेक जण उठताना श्वास कोंडतात, तिथंच गुदमरतात. तीस सेकंद काम, तीस सेकंद विश्रांती. दहापैकी चार-पाच एवढी धाप लागू द्यायची, मग तिच्यासमोर घड्याळ धरायचं. धाप बसते हे त्याला स्वतःला दिसलं पाहिजे.

शेवटची एसटी
हे घरीही होतं. मेलबर्नमध्ये एक भेट आणि नंतर आठवड्याला एक फोन एवढ्यावर केंद्राइतकाच फायदा दिसला, २०१७ साली ते छापून आलं. आणि चुलीच्या धुरानं छाती गेलेल्या बायका? त्या नकार देत नाहीत, “घरात विचारते” म्हणतात. तुम्ही रजिस्टरात ‘नकार’ लिहिता.

आडवाट
लिहितो, हे खरं आहे. फोनवर खुर्चीचा व्यायाम मी देऊन बघेन. पण ‘समजावलं की सगळे येतील’ हे मला अजूनही पटलेलं नाही.