थांब्यावर काय विचारावे

अल्ट्रामॅरेथॉनमध्ये, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यतीत, वाटेतल्या थांब्यांवर धावणाऱ्याची काळजी घेणाऱ्या मदतनिसांना ‘प्रत्येक थांब्यावर भरपूर पाणी पाजा’ अशी सूचना दिली जाते; तिला माझी हरकत आहे. तासन्‌तास धावणाऱ्याने तहानेपेक्षा जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे ही लक्षणे पाण्याच्या कमतरतेची समजून मदतनीस आणखी बाटल्या पुढे करतो. बोटे सुजून अंगठी रुतू लागली किंवा उत्तरे असंबद्ध येऊ लागली, तर पाणी थांबवून थेट वैद्यकीय पथकाला बोलवावे. दुखते म्हणून आयब्युप्रोफेन देणेही टाळावे, कारण आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो.

‘कसे वाटते आहे?’ हा प्रश्न, निदान रात्री तरी, विचारू नये; उत्तर ठरलेलेच असते. त्याऐवजी ‘शेवटचे कधी खाल्लेस, लघवी झाली का?’ असे विचारावे, आणि तेवढ्यात ओले मोजे बदलून, हेडलॅम्पची बॅटरी तपासून धावणाऱ्याला वाटेला लावावे. वेस्टर्न स्टेट्स या सुमारे १६१ किलोमीटरच्या शर्यतीला ३० तासांची मर्यादा आहे, त्यामुळे खुर्चीत गेलेली मिनिटे पुढे महागात पडतात. शर्यत सोडण्याची भाषा सुरू झाली आणि दुखापत किंवा वरची लक्षणे नसली, तर आधी काहीतरी खायला घालावे आणि मगच निर्णय विचारावा.