बॅडलँड हंटर्स: मारामारी झकास, बाकी पाण्यात?

तिरकस:
नेटफ्लिक्सवरचा कोरियन सिनेमा 'बॅडलँड हंटर्स' (२०२४) पाहिला. भूकंपाने सोल जमीनदोस्त, माणसं घोटभर पाण्याला महाग, आणि शिकार करून पोट भरणारा नामसान, म्हणजे मा डाँग-सोक. वस्तीतल्या सुना नावाच्या पोरीला स्वच्छ पाण्याचं गाजर दाखवून शाबूत उरलेल्या एका अपार्टमेंटमध्ये नेतात. तिथे एक माथेफिरू डॉक्टर पोरांवर प्रयोग करतोय. नामसान तिला सोडवायला निघतो. (पुढे रसभंग आहे, पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

माझं म्हणणं, हातात सोन्यासारखा विषय होता आणि त्याची माती केली. सुनाला नेताना वाटेतच तिच्या आजीला वेगळं काढून काटा काढतात. म्हातारं माणूस कशाला पोसा! या एका प्रसंगात जी भीती आहे ती पुढे येणाऱ्या, डॉक्टरच्या प्रयोगांतून सरड्यासारख्या झालेल्या सगळ्या सैनिकांत मिळून नाही. अपार्टमेंटमधले आईबाप पोरं डॉक्टरच्या हवाली करून गप्प कसे बसतात, ते आत काय बोलतात, हे मला बघायचं होतं. कॅमेरा तिथे टेकतच नाही.

रात्रपाळी:
साफ असहमत. दिग्दर्शक हो म्यंग-हेंग मुळात स्टंटवाला गडी, हा त्याचा पहिलाच सिनेमा. त्याच्याकडे समाजशास्त्र मागायला गेलात तर दोष तुमचा.

आणि मारामारी नुसती ठोकाठोकी नाहीये. सैनिक जखमी होऊन पुन्हा उठतात, डोकं फुटलं तरच मरतात. मा डाँग-सोकचं भांडवल म्हणजे त्याचा ठोसा. एका फटक्यात माणूस आडवा, हेच बघायला लोक येतात. इथे ठोसा खाल्लेला माणूस उठून उभा राहतो, म्हणून कोयता, बंदूक काढावी लागते. नायकाचं हुकमी अस्त्रच बोथट करून टाकलंय, हे सुचायला डोकं लागतं. शिवाय सार्जंट झालेली आन जी-हे! तिच्या हाणामारीत वेग आहे, त्याच्यात वजन. दोघं एका चौकटीत आले की मजा येते.

तिरकस:
आन जी-हेबद्दल +१. पण सुरुवातीला नामसान मारतो ती मगर? संगणकातून थेट बाहेर पडल्यासारखी.

रात्रपाळी:
मगर सोडून द्या हो.

चहाबाज:
दोघांनी 'काँक्रीट युटोपिया' (२०२३) पाहिलाय का? त्याच भूकंपानंतरचं जग. एकच इमारत उभी राहते आणि रहिवासी बाहेरच्यांना हाकलतात. दक्षिण कोरियात निम्म्याहून जास्त घरं अपार्टमेंटमधली, फ्लॅट म्हणजे तिथे ऐपत आणि अब्रू दोन्ही. ते सगळं त्यात येऊन गेलंय. तेच पुन्हा दळण्यापेक्षा यांनी वेगळी वाट धरली, त्यात काय चुकलं?

तिरकस:
मग इमारत कशाला घेतली? कारखाना चालला असता, बोगदा चालला असता. अपार्टमेंट दाखवायचं आणि त्याचं ओझं मात्र उचलायचं नाही. 'काँक्रीट युटोपिया'त ली ब्यंग-हनने साधा माणूस हळूहळू हुकूमशहा कसा होतो ते दाखवलं. इथला डॉक्टर पहिल्या प्रसंगापासून वेडा आहे, मग बघायचं काय उरलं?

चहाबाज:
डॉक्टरवर जरा अन्याय होतोय. मेलेल्या पोरीला परत आणायचं वेड आहे त्याला, आणि डॉक्टर झालेला ली ही-जून ते गळा न काढता करतो. प्रयोगशाळेत तो मुलीशी ज्या हळुवारपणे बोलतो, त्यानेच जास्त किळस वाटते. खरी पडकी बाजू जीवान. सुनावर जीव टाकणारा पोरगा, पण त्याला धावणं आणि ओरडणं एवढंच काम. सुनासुद्धा आत शिरल्यावर शंका घेते, मुलांना सावध करते, तोवर छान. शेवटाकडे तिला नुसती सोडवून घेण्यापुरती ठेवली.

रात्रपाळी:
जीवानचं मान्य. तरी पावणेदोन तासांत एकदाही घड्याळ पाहिलं नाही मी. 'काँक्रीट युटोपिया' पाहताना दोनदा पाहिलं.

तिरकस:
ते घड्याळाचं यश झालं, सिनेमाचं नव्हे. आजीचा प्रसंग सोडून दुसरा कुठला लक्षात राहिला ते सांगा, मग बोलू.

रात्रपाळी:
ठोसा खाऊन पहिला सैनिक उठतो तेव्हाचा नामसानचा चेहरा. बोला आता.