गरम पाण्याच्या प्लंजर पंपासाठी ॲल्युमिना की झिरकोनिया? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगली भागात आमचं छोटं वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांतल्या इव्हॅपोरेटरच्या नळ्या जेटने साफ करणारे प्लंजर पंप आम्ही दुरुस्त करतो. प्लंजरवर, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्यावर, ॲल्युमिना या सिरॅमिकची नळीसारखी स्लीव्ह असते आणि ती वारंवार उभी तडकते आहे. कारखान्याचं कंडेन्सेटच (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) वापरतात, त्यामुळे पाणी ७०-८० अंशांचं, कधी कॉस्टिक सोड्याचा अंशही येतो.

माझ्या मते दोष सक्शनचा आहे. एवढ्या गरम पाण्याला सक्शनमध्ये वाफ धरते, पॅकिंगखाली (गळती रोखणाऱ्या सीलखाली) स्लीव्ह कोरडी घासून तापते आणि मागोमाग पाणी येऊन आदळतं. ॲल्युमिना अचानक साधारण २०० अंशांचा फरक सोसतं, त्यापुढे तडा.

विक्रेता म्हणतो, झिरकोनिया हे दुसरं सिरॅमिक घ्या, फुटायचं नावच नाही. ते चिवट आहे हे खरंच. तडा जायला लागला की त्याच्या टोकाशी कणांची टेट्रागोनल स्फटिकरचना बदलून मोनोक्लिनिक होते, कण ३ ते ५ टक्के फुगतात आणि तडा दाबून धरतात. फार सुंदर गोष्ट आहे ही. प्रसरणही पोलादाच्या जवळपास. पण हाच बदल गरम पाण्यात तडा नसतानाही पृष्ठभागावरून आत सरकत जातो, आणि तिथेच मी अडलोय. २००१ मध्ये कृत्रिम खुब्याचे झिरकोनियाचे गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले, उत्पादकाने भाजायची भट्टी बदलल्यानंतरचे लॉट परत मागवावे लागले. शरीर ३७ अंशांचं, आमचं पाणी त्याच्या दुप्पट! शिवाय झिरकोनिया उष्णता ॲल्युमिनाच्या दहाव्या हिश्शाइतकीच वाहून नेतं, म्हणजे घासल्याची धग पॅकिंगलाच बसणार.

असं असताना झिरकोनिया हंगामभर टिकेल का? घेताना काय तपासू? सिलिकॉन कार्बाइड कोणी वापरलंय का? त्यातला रिॲक्शन बाँडेड प्रकार स्वस्त पडतो, पण त्यातलं मोकळं सिलिकॉन कॉस्टिक खातं, म्हणून धजत नाही. गळीत सुरू व्हायच्या आत ठरवायचंय.

प्रतिसाद:

झिरकोनियाची घाई करू नका. आधी टाकी उंचावर घ्या आणि पॅकिंगला गार पाण्याची फ्लशिंग लाइन द्या. कोरडं चालणं थांबलं नाही तर कुठलंच सिरॅमिक वाचणार नाही. आताची स्लीव्ह किती टक्क्यांची आहे? ९५-९६ टक्के ॲल्युमिनात कणांमध्ये काचेसारखा सिलिकेट असतो, कॉस्टिक तिथून पोखरतं. ९९.५ टक्क्यांची मागा. आल्यावर फुक्सिनच्या रंगात बुडवून धुवा, तो बारीक भेगांत शिरतो, रंग धरणारी स्लीव्ह परत करा.

झिरकोनियाच हवं असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) १३४ अंशांवर ५ तास ठेवल्यानंतरचा रिपोर्ट मागा. वैद्यकीय मालात त्यानंतर मोनोक्लिनिक प्रमाण २५ टक्क्यांवर जाऊन चालत नाही. रिपोर्ट नसेल तर तो माल घेऊ नका. सिंटर्ड (मोकळं सिलिकॉन नसलेलं) सिलिकॉन कार्बाइड कॉस्टिकलाही दाद देत नाही, फक्त बसवताना ठोकायचं नाही.