तंबोरा 'बनवतात', 'करतात' की 'घडवतात'?

तासगावहून : पुतणीनं निबंधात 'मिरजेत तंबोरे बनवतात' असं लिहिलं होतं. बाईंनी 'बनवतात' खोडून 'करतात' केलं. आमच्या भागात बेदाणा करतात हे ठीक, पण तंबोऱ्यासारख्या वस्तूला 'करणे' तोकडं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

मिरजेहून : ताई, माझा कौल बाईंच्या बाजूनं. 'बनवणे' अशुद्ध नाही, पण त्याचं गोत बघा : बनाव, बनावट, बनवाबनवी. शिवाय हल्ली पोळीपासून पुलापर्यंत सगळं 'बनवतात', त्यामुळे हात नेमका काय करतो ते कळेनासं होतं.

कोणत्या धंद्याचं क्रियापद कोणतं, हे मजुरीच्या नावात सापडतं. सोनाराची घडणावळ, शिंप्याची शिवणावळ, गिरणीतली दळणावळ. 'बनवणावळ' कुणी ऐकली आहे का? पावतीवर 'मेकिंग चार्जेस' आलं आणि घडणावळ मागं पडली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तंबोरा. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो वाळवतात, कापतात, भिजवून आतून साफ करतात. त्यावर तूण लाकडाची तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची फळी, बसवतात, दांडी जोडतात, नक्षी कोरतात, खुंट्या घालून तारा चढवतात. इतकं झालं तरी तो बोलत नाही. मग कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तबलीवरच्या पट्टीचा, माथा कानशीनं अगदी बेतानं घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तार माथ्याला जेमतेम घासून झणकारली पाहिजे. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी धरायची. याला 'जवारी काढणे' म्हणतात. चित्र काढतो, रांगोळी काढतो, तसाच हा 'काढणे'. माझ्या मते अख्ख्या कामातलं सगळ्यात नेमकं क्रियापद हेच.

हे काम उभं केलं शिकलगारांनी. शिकल करणारा, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा, तो शिकलगार. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडं वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

साताऱ्याहून : आमच्याकडं पेढे 'वळतात'. हल्ली दुकानातही 'पेढे बनवून मिळतील' अशी पाटी दिसते. मग 'तंबोरा घडवतात' चालेल का?

मिरजेहून : चालेल, पण घडवण्यात ठोकणं, आकार देणं आलं. ते धातूला, मातीला, दगडाला जास्त शोभतं. 'लावतात' मात्र लिहू नका हं, दादा. तंबोरा लावणं म्हणजे सुरात जुळवणं, आणि ते गाणाऱ्याचं काम.

तासगावहून : मग पुतणीला सांगते : तंबोरा करतात, जवारी काढतात, गाणारा लावतो.

मिरजेहून : अगदी बरोबर. आणि तारा 'चढवतात', हेही लिहू द्या तिला.