मदत हवी आहे: इंग्रजीच्या तासाला लिटरेचर सर्कल, पण मुलं बोलतच नाहीत

सातवी_ब: मराठी माध्यम, पट ३८, तास ४० मिनिटांचा. लिटरेचर सर्कल म्हणजे छोट्या गटाने एकच गोष्ट वाचून तिच्यावर आपसात बोलायचं. त्यासाठी सहा-सात जणांचे गट केले आणि प्रश्न काढणारा, शब्द शोधणारा, सारांश सांगणारा, चित्रवाला अशी कामं कागदावर वाटून दिली. मजकूर म्हणून पुस्तकातलाच धडा घेतला. मुलं आपापला कागद वाचतात की गप्प. चर्चा रंगलीच तर मराठीत. काय बदलू?

खडूफळा: पहिल्यांदा धडा काढा. त्याची उत्तरं गाइडात छापलेली असतात, मग बोलायचं कशावर? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी फुकट मिळतात, कित्येक मराठीतही आहेत. दुसऱ्या पातळीच्या घ्या. आधी शंभरेक शब्दांचा उतारा देऊन अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. बहुतेकांच्या रेघा पाचाच्या वर गेल्या तर ती गोष्ट नको. सगळा दम अर्थ लावण्यातच जातो. चार गोष्टी समोर ठेवा नि गटाला निवडू द्या.

गट चौघांचे करा: आठ चारांचे, दोन तिघांचे. सहांत दोघं बोलतात, बाकीचे खिडकीबाहेर.

कामाचे कागद हा नुसता टेकू आहे. ही पद्धत रुजवणाऱ्या हार्वे डॅनियल्स यांनीच पुढे या कागदांच्या अतिवापराबद्दल सावध केलंय. दोन-तीन फेऱ्यांनंतर काढून घ्या. त्याऐवजी प्रत्येकाने एकच प्रश्न आणायचा, पान आणि ओळ दाखवून. ‘व्हॉट इज द नेम’ छापाचा प्रश्न एका शब्दात संपतो. ‘व्हाय’ने सुरू होणारा हवा.

चिंचोका: मराठी बंद करू नका, तिला वेळ नेमून द्या. १५ मिनिटं वाचन, ५ मिनिटं जोडीत मराठीतून बोलणं, मग १२ मिनिटं इंग्रजीची फेरी, उरलेल्यात वहीत दोन वाक्यं. फळ्यावर तीन सुरुवाती राहू द्या: ‘आय थिंक… बिकॉज…’, ‘ऑन पेज… इट सेज…’, ‘आय डोन्ट अग्री, बिकॉज…’. प्रत्येकाला तीन चिंचोके. बोललं की एक मध्ये टाकायचा, संपले की ऐकायचं. नुसत्या ‘येस, आय अग्री’ला चिंचोका नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पोरं मिनिटात तिन्ही उडवतात.

चित्रवाल्याने चित्र फक्त दाखवायचं. बाकीच्यांनी गोष्टीतला प्रसंग ओळखायचा, तो शेवटी बोलणार. हे काम कायम त्याच मुलाला दिलंत तर तो वर्षभर रंगवतच बसेल.

सातवी_ब: घरी वाचून येत नाहीत, त्याचं काय? आणि दहा गटांकडे लक्ष कसं द्यायचं?

खडूफळा: वाचन वर्गातच. एकाने मोठ्याने, बाकीच्यांचं बोट ओळीवर. गटांचं म्हणाल तर एका तासाला दोनच गटांजवळ बसा. पाच तासांत सगळे होतात. कोणी पानाचा दाखला दिला, कोणी दुसऱ्याच्या मुद्द्यावर बोललं, एवढं टिपा. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदीला चालतं. व्याकरण तिथल्या तिथे सुधारू नका, मूल पुन्हा तोंड उघडत नाही.